तात्यांच्या फोटोखालच्या शुभेच्छा

तात्या गेले तेव्हा चुलतभावाने कार्ड करून पाठवलं. हसरा फोटो, खाली तारखा, दशक्रियेची वेळ, घाटाचं नाव. मी ते इथे फेसबुकवर टाकलं आणि वर फक्त 'तात्या...' एवढंच लिहिलं. दहाव्या मिनिटाला कॉलेजातल्या मित्राची कमेंट: 'तात्यांना उदंड आयुष्य लाभो!'

डोकं सणकलं. तावातावाने फोन लावला आणि मग ट्यूब पेटली. तो जन्मांध आहे. मोबाइलमधला टॉकबॅक त्याला लिहिलेलं वाचून दाखवतो, पण कार्डावरची अक्षरं म्हणजे चित्रच. त्याला ऐकू आलं ते इतकंच: बहुधा एका व्यक्तीचा फोटो, हसतमुख. फोटोत काय आहे ते यंत्राने ओळखून सांगायची ही सोय फेसबुकने २०१६ साली आणली. मॅट किंग हे दृष्टिहीन इंजिनिअर त्या कामात होते. सोय चांगलीच, पण आमचे तात्या गेलेत हे तिला काय कळणार!

आपण तर सगळंच चित्रात घालतो. लग्नपत्रिका, व्याख्यानाचं पोस्टर, सोसायटीची पाणीकपातीची नोटीस, गुलाबावर छापलेली कविता. वर हात जोडलेले सात इमोजी. ते मात्र टॉकबॅक इमानेइतबारे वाचतो.

फोटोसोबत लिहू काय मग, असं त्याला विचारलं. म्हणाला, 'फोनवर मला सांगशील तेच. "सुंदर क्षण" नको, सुंदर काय ते सांग.' रंग सांगायचे का, हे मी जरा चाचरतच विचारलं. 'सांग की! आयुष्यभर रंगांच्याच गप्पा ऐकतोय. पैठणी मोरपंखी होती हे लिहिलं नाहीस तर वहिनी तुलाच धरतील.'

फोटो टाकताना एडिटमध्ये 'ऑल्ट टेक्स्ट' असतं, म्हणजे टॉकबॅकने वाचायचं वर्णन लिहायची जागा, तिथे दोन ओळी पुरतात. सापडलं नाही तर सरळ पोस्टच्या शेवटी लिहा. मला तेच बरं वाटतं. सगळ्यांना दिसतं, बघून आणखी कुणी लिहितं. पत्रिका असेल तर मजकूर जसाच्या तसा टाइप करा. कंटाळा येतो, मान्य. गेल्या महिन्यात सहलीचे चाळीस फोटो मीही तसेच ढकललेत.

आज तात्यांचं वर्षश्राद्ध. यंदा कार्ड नको म्हटलं.

फोटोचं वर्णन: कोपरी घातलेले तात्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसलेत. हातात अडकित्ता, शेजारी पानाचा डबा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कॅमेऱ्याकडे लक्ष नाही, अंगणातल्या मांजरीवर ओरडताहेत.