रात्री ब्लोअर बंद, सकाळी बोंब सुरू

कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बसवलाय? अभिनंदन. वडोदऱ्याची मकरपुरा औद्योगिक वसाहत असो की नंदेसरी, ईटीपी दाखवायला असतो, चालवायला नाही, एवढं मनाशी पक्कं करा. पुढचं सगळं सोपं आहे.

लॉगबुक १ तारखेलाच महिनाभराचं भरून टाका. पीएच रोज ७.२. आत ॲसिड येवो की कॉस्टिक, तुमचा पीएच स्थितप्रज्ञ.

सगळं सांडपाणी आधी जिथे मिसळतं, त्या इक्वलायझेशन टाकीत हवा सोडू नका. गाळ तळाशी निवांत साचू द्या.

रसायनाचा डोस ठरवायची जार टेस्ट? वेळ कोणाला आहे! घाण गोळा करणारं पीएसी मगाने ओता. गाळाचे गोळे बांधणाऱ्या पॉलीची (पॉलिइलेक्ट्रोलाइटची) पावडरही कोरडीच फेका. साध्या पाण्यात लिटरला १ ग्रॅम, चिमटीने भुरभुरवत, तासभर हळू ढवळत बसणं ही रिकामटेकड्यांची कामं. गुठळ्या झाल्या, अर्धी पॉली वाया गेली, तर शिव्या खायला सप्लायर आहेच.

आता खरी किल्ली. रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवा. १० एचपीचा ब्लोअर ८ तास बंद म्हणजे साठेक युनिटं वाचली! एरिएशन टाकीत घाण खाणाऱ्या जिवाणूंना विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. तो बघता बघता शून्यावर. गाळ तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरवर बसतो, त्याच्या मेंब्रेनची छिद्रं बुजतात, सकाळी ब्लोअरवर दाब चढतो आणि मोटर ट्रिप. तिकडे पाणी निवळवणाऱ्या क्लॅरिफायरमधला गाळ सडतो, वायूचे बुडबुडे धरून ढेकळं वर येतात आणि काठावरच्या विअरवरून थेट बाहेर. पाण्यातली घाण दाखवणारा सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवा, तो जातो ८०० वर. मग आम्हा प्लांटवाल्यांना फोन येतो, याच आठवड्यात आलाय: "साहेब, प्लांट बोगस दिलाय. शेणाची ट्रॉली टाकू का?" टाका की! गाईच्या पोटात हवेविना वाढलेले ते जिवाणू तुमचं सॉल्व्हंटचं पाणी गटागटा पिणार आहेत! अहो, शेणानं आधी बीओडीच, म्हणजे जिवाणूंवरचा घाणीचा भारच, वाढतो. आणि हवाच तोडलीत तर चांगल्या प्लांटमधून टँकरभर गाळ आणून ओतलात तरी तोही मरेल. मेलेलं बायोमास, म्हणजे जिवाणूंची फौज, पुन्हा उभं राहायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढे दिवस प्रॉडक्शन थांबवणार आहात का? नाही. वर ऐकायचं काय, तर "चालशे".

नाही चालणार. ईटीपी चालू नसेल तर कारखाना चालवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ लाच सांगितलंय. कारखान्यांचं पाणी समुद्राकडे नेणाऱ्या चॅनेलला सोडलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ते पाणी जंबुसर तालुक्यात महीच्या मुखाशी जातं आणि तिथेही माणसंच राहतात. विजेचं बिल टोचतंय? मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवा, रात्री डीओ बघून वेग उतरवा, पण हवा तोडू नका. रोज लिटरभर सिलिंडरमध्ये ३० मिनिटं गाळ बसवून बघा, जिवाणूंच्या खुराकाचा, युरिया-डीएपीचा, हिशेब बीओडी:नायट्रोजन:फॉस्फरस १००:५:१ ने धरा. तो डीओ मीटर कपाटात ठेवायला घेतला नव्हता. आज रात्री पुन्हा ब्लोअर बंद केलात, तर उद्या फोन करू नका.