क्वार्टरसोबत कॅप्सूल

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं मेडिकल आहे. मागच्या शनिवारी रात्री साडेनऊला एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आहे. एका हातात काळी पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "भावा, ही पोटातल्या चांगल्या जंतूंची कॅप्सूल दे. महिन्याची एकदम दे." काळ्या पिशवीत काय आहे ते विचारायची गरज नव्हती.

मेसेज मी आधीच वाचला होता. तालमीच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर आणि मेहुण्याकडून, असा तीनदा. मजकूर थोडक्यात असा : दारूनं लिव्हर बिघडत नाही, बिघडलेल्या आतड्यानं बिघडतं. म्हणून (१) प्यायच्या आधी दही किंवा पांढरा रस्सा घ्या, पोटाला अस्तर बसतं. (२) रोज एक प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंची, कॅप्सूल घ्या, लिव्हर सुरक्षित राहतं, परदेशात सिद्ध झालंय. (३) जोडीला वनस्पतींचं लिव्हर टॉनिक घ्या, नैसर्गिक आहे, अपाय नाही. (४) एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतून रक्तात गळणाऱ्या द्रव्याची तपासणी) नॉर्मल असेल तर बिनधास्त. (५) सोडायची असेल त्यानं एका दिवसात बंद करून २१ दिवस कॅप्सूल घ्यावी, लिव्हर नवं होतं.

धंद्याच्या हिशेबानं मी हा मेसेज स्वतःच पुढे पाठवायला हवा. पण रोज काउंटरवर उभं राहून माणसांच्या डोळ्यांचा पिवळेपणा बघायची सवय झाली की हात धजत नाही.

अस्तराचं आधी. जठर म्हणजे भिंत नव्हे, की एक हात मारला आणि ओल थांबली. पोटात जेवण असलं की दारू जठरात जास्त वेळ रेंगाळते आणि लहान आतड्यात सावकाश उतरते. बहुतेक दारू रक्तात शिरते ती त्या आतड्यातूनच, म्हणून चढते हळू. उपाशीपोटी पिण्यापेक्षा हे बरं, यात वाद नाही. पण थोडीफार सवलत मिळाली म्हणून हिशेब मिटत नाही. तो मी त्याला बिलाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवला. क्वार्टर १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे शुद्ध अल्कोहोल ७७ मिली, वजनात ६१ ग्रॅम. धडधाकट माणसाचं लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निस्तरतं. "दहाला बसलास तर पहाटे चार ते पावणेसातपर्यंत लिव्हरची नाईट," मी म्हटलं, "आणि सातला तुझी फर्स्ट शिफ्ट." तो हसला. क्वार्टर संपली की आपलं काम संपलं, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

आता दुसरा मुद्दा, आणि खरी मेख इथंच आहे, कारण यात अर्धं खरं आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात. दारूनं ते सांधे सैल पडतात. मग आतड्यातल्या जंतूंच्या विषाचे अंश रक्तात झिरपतात आणि आतड्यातून लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून थेट लिव्हरवर जाऊन आदळतात. लिव्हर सुजायचं हे एक खरं कारण आहे. पण सांधे सैल कुणी केले? मेसेजनं ती ओळच गाळली. कुलूप फोडणाऱ्याला रोज रात्री घरात घ्यायचं आणि सकाळी कुलपाला तेल घालायचं, असला हा सल्ला.

शिवाय आतड्याची वाट बंद झाली तरी दारूचा मुख्य रस्ता उघडाच राहतो. लिव्हरमध्ये दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि हे विष पेशींच्या गुणसूत्रांना इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे पक्कं. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं, बायकांत स्तन. गंमत म्हणजे तोंडातले आणि आतड्यातले जंतूही दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात. आणि आमच्याकडे पिणाऱ्याच्या गालात बऱ्याचदा मावाही असतो. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही. तळपायांची आग, हृदयाचा पसरलेला स्नायू, स्वादुपिंडाची सूज, इथवर दारू रक्तातून पोचते. कॅप्सूलमधल्या जंतूची हद्द आतड्यापाशी संपते.

"परदेशात सिद्ध झालंय" म्हणजे काय, तेही सांगतो. २००८ साली रशियातला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. दारूमुळे इस्पितळात दाखल झालेले ६६ पुरुष, त्यातल्या काहींना पाच दिवस प्रोबायोटिक. त्यांचे लिव्हरचे आकडे इतरांपेक्षा जास्त सुधारले, हे खरं. पण ते सगळे दाखल होते. दोन्ही गटांची दारू बंद होती. पीत राहून कॅप्सूल घेतलेला माणूस त्या अभ्यासात एकही नव्हता. मेसेज लिहिणाऱ्यानं इस्पितळ वगळलं आणि कॅप्सूल ठेवली.

त्याच वर्षी नेदरलँड्समधला दुसरा, जास्त मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या जवळपास ३०० रुग्णांपैकी निम्म्यांना प्रोबायोटिक दिलं. त्या गटात १६ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. हे रुग्ण फार गंभीर होते, त्यावरून घरातल्या दह्याला कुणी घाबरू नये. पण स्वादुपिंडाला सूज यायच्या मोठ्या कारणांत दारू आहे. पोटात कळ आली म्हणून डॉक्टरऐवजी कॅप्सूल शोधणाऱ्यासाठी मी हे सांगतोय.

टॉनिकबद्दल थोडक्यात. यातलं सगळ्यांत नावाजलेलं मिल्क थिसल, एका काटेरी झाडाचं. त्यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा दारूनं बिघडलेल्या लिव्हरमध्ये मृत्यू टळल्याचा भरवशाचा पुरावा निघाला नाही. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक असतं, तर धोतऱ्याची भाजी केली असती. पूरक आहाराच्या डब्यावर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असं छापावं लागतं. डबा फिरवून वाचणारं गिऱ्हाईक वर्षाला एखादं येतं.

एसजीपीटी. रोज भरपूर पिणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या लिव्हरवर चरबी चढते, आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही जाणवत नाही. सिरोसिस, म्हणजे लिव्हर आकसून टणक झालेल्या माणसाचा एसजीपीटीही नॉर्मल येऊ शकतो. जिथं पेशीच थोड्या उरल्या तिथं गळणार तरी काय? एक नॉर्मल आकडा पाकिटात ठेवून फिरणारा माझा एक दूरचा मामा पुढे पोटात पाणी भरून पडला. ते सुईनं काढावं लागलं, दर पंधरा दिवसांनी. रिपोर्टचा तो कागद शेवटपर्यंत पाकिटात होता.

पाचव्या मुद्द्यावर मात्र मला हसू येत नाही. दारू बंद केली की चरबी चढलेलं लिव्हर काही आठवड्यांत बरंचसं पूर्ववत होतं, हे खरंच. म्हणजे ते २१ दिवस काम करते बंद झालेली दारू, आणि फोटो छापला जातो कॅप्सूलचा. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. सहा तासांपासून हात कापायला लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. अशा माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व लागतं. सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात जा नाहीतर आपल्या डॉक्टरकडे, पण एकटा खोलीत २१ दिवस मोजत बसू नको.

हे सांगत होतो तेव्हा त्यानं बिलाचा कागद उचलून खिशात घातला. त्याची बोटं थरथरत होती. मी घड्याळ बघितलं, दहाला पाच कमी.

"शेवटची कधी घेतलीस?"

"काल रात्री," तो म्हणाला. "आज सकाळपासनं सोडलीय. म्हणून तर कॅप्सूल मागतोय. ही पिशवी आपली अशीच, भ्या वाटलं म्हणून घेतली."

कॅप्सूलचं पाकीट मी परत फळीवर ठेवलं, शटर अर्धं ओढलं आणि गाडीची किल्ली घेतली.