बाटली तळाकडून घाला

कोपनहेगनच्या एका सुपरमार्केटच्या दारातल्या, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राने माझी बाटली परत ढकलली. पुन्हा घातली, पुन्हा ढकलली. मागे रांग. पर्यावरणाचं माहेरघर म्हणून नावाजलेल्या शहरात यावं आणि पाणउतारा व्हावा तो दीड क्रोनसाठी, म्हणजे वीसेक रुपयांसाठी! राग अजून पुरता गेलेला नाही.

पद्धत सांगून टाकतो, म्हणजे पुढचा अन्याय नीट कळेल. डेन्मार्कमध्ये पाणी, कोला, बिअर काहीही घ्या, बाटलीवर डिपॉझिट लागतं. त्याला तिथे पँट म्हणतात. कॅन किंवा लिटरच्या आतली काचेची बाटली असेल तर पँट ए, १ क्रोन. लिटरच्या आतली प्लास्टिकची असेल तर पँट बी, दीड क्रोन. लिटर आणि त्यावरचं सगळं पँट सी, ३ क्रोन. ज्यूसच्या बाटल्या २०१९ पासून यात आल्या. वाइनची बाटली आणि दुधाचं खोकं यातून सुटलेलं. फळीवर जी किंमत दिसते तिच्यात हे डिपॉझिट धरलेलं नसतं, शेजारी बारीक अक्षरात 'अधिक पँट' असतं. ते वाचायची सवय होईपर्यंत दर वेळी गल्ल्यावर वाटतं, आपल्याला फसवलं.

रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या गोल भोकात तळाकडून घालायची. झाकण असू द्यावं, लेबल शाबूत हवं. आत बाटली गरागरा फिरते, यंत्र तिचा बारकोड आणि आकार तपासतं, आणि पसंत पडली नाही तर पट्टा उलटा फिरून ती तुमच्या हातात. माझी बाटली पसंत पडली नाही कारण ती पिळलेली होती. आता आपल्याकडे बाटलीवर छापलेलंच असतं की वापरून झाल्यावर चिरडा. नाहीतर कोणीतरी स्टेशनच्या नळाचं पाणी भरून पुन्हा विकायला बसतो. पाणी संपलं की हात आपोआप बाटली पिळतो, त्याला डोकं लागत नाही.

माझ्या मागे एक आजीबाई होत्या. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, ते दुकानातही काढलेलं नाही. खांद्याला आयकियाची निळी पिशवी, आत खळखळणारे कॅन.

"तळ आधी," त्या म्हणाल्या.

"तळच आधी घातलाय."

"मग हळू घाला."

हळू घातली. परत आली.

"बघू." त्यांनी बाटली घेतली आणि सोनार मोडीला आलेलं डोरलं बघतो तशी उजेडात धरून फिरवली. "ही अशी कुणी केली?"

"मी. आमच्याकडे चिरडूनच टाकतात. नाहीतर लोक भरून पुन्हा विकतात."

आजी विचारात पडल्या. "म्हणजे तुमच्याकडे रिकाम्या बाटलीला इतकी मागणी आहे, की तिला आधी मारावं लागतं?"

यावर काय बोलणार? रांगेतला एक तरुण हसला. बहुधा मलाच.

"फुंका," आजी म्हणाल्या.

"काय?"

"तोंड लावा आणि फुंका. फुगेल."

चारचौघांत, परक्या देशात, गाल फुगवून मी बाटली फुंकली. टक्, टक् करत एकेक घडी उठली आणि बाटली जवळपास गोल झाली. यंत्राने ती घेतली. पडद्यावर १.५० उमटलं आणि आजींनी असं काही मान हलवली, जणू फुफ्फुसं त्यांचीच होती.

एवढ्यावर भागलं असतं, पण पुढचा कॅन माल्मोचा निघाला. माल्मो म्हणजे ओरेसुंडचा पूल ओलांडला की स्वीडन, ट्रेनने पाऊण तासाच्या आत. कॅन गोल होता, लेबल धड होतं, तरी परत.

"हा स्वीडनचा. याचे पैसे स्वीडनमध्येच मिळतात."

"एका कॅनसाठी ट्रेनने जाऊ?"

"तिकडून आणला तेव्हा गेलाच होतात ना?" मग मुद्द्याचा घाव: "आणि पाण्याची बाटली घेताच कशाला? नळाला पाणी आहे की."

आहे, आणि ते उत्तमच आहे. जमिनीखालचं, क्लोरीन न घातलेलं. फक्त त्यात चुना इतका, की किटलीच्या बुडाला पांढरं पुट चढतं आणि ते व्हिनेगर घालून उकळून काढावं लागतं. हे मी बोललो नाही. हेल्मेट घातलेल्या माणसाशी वाद घालू नये.

या व्यवस्थेची टिमकी भरपूर वाजते. नव्वद टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात, आकडा खराच आहे. पण बागेत, बंदरावर टाकलेल्या बाटल्या आपल्या पायांनी यंत्रापर्यंत जात नाहीत. रात्री पोती घेऊन फिरणारी गरीब माणसं त्या नेतात. त्यांना हात घालून कचरा उपसावा लागू नये म्हणून शहरातल्या काही कचरापेट्यांना बाहेरून बाटली ठेवायची फळी केली आहे. सोय माणुसकीची आहे, पण दीड क्रोनसाठी कुणाला तरी रात्र काढावी लागते, हे त्या फळीने बदलत नाही. आपल्याकडेही २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटलीवर रुपया-दोन रुपये डिपॉझिटची तरतूद होती. तिचं पुढे काय झालं ते दिसतंच आहे. भंगारवाला किलोवर घेतो, आणि चिरडलेली बाटली त्याला उलट बरी, पोत्यात जास्त मावतात.

बरं, बाटलीच्या आकारावर एवढा डोळा ठेवणाऱ्या या शहराने २०२५ पर्यंत कार्बन न्यूट्रल, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन भरून काढणारं, व्हायचं जाहीर केलं होतं. २०२२ मध्ये ते सोडून दिलं. कारण अमागर बाक्के ही त्यांची कचरा जाळायची भट्टी. तिच्या उष्णतेवर शहरातली घरं ऊबदार राहतात, पण धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायच्या यंत्रणेला पैसे मिळाले नाहीत. भट्टीच्या छपरावर स्की करायची घसरण मात्र २०१९ मध्येच खुली झाली. तिथे कुणी 'तळ आधी' म्हणालं नसावं.

शेवटी दोन बाटल्यांचे ३ क्रोन झाले. बटण दाबल्यावर चिठ्ठी आली. ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर चालते, म्हणजे पुन्हा रांग. नुसती चिठ्ठी घेऊन उभं राहणं बरं दिसेना, म्हणून पाव आणि एक ज्यूसची बाटली घेतली. पिशवी हवी का, गल्ल्यावरच्या मुलाने विचारलं. हवी होती. २०२१ पासून पिशवीला कमीत कमी ४ क्रोन घेणं दुकानांना बंधनकारक आहे. ज्यूसवर पँट बी, दीड क्रोन. तीन वजा झाले, साडेपाच चढले. वरच्या अडीच क्रोनसकट सगळं कार्डावर टाकलं, तेव्हा शेजारच्या गल्ल्यावर आजी आपली लांबलचक चिठ्ठी देत होत्या. त्यांनी माझी कोरी पिशवी बघितली. बोलल्या काही नाहीत, हेल्मेटचा पट्टा तेवढा घट्ट केला.