शापोआतली भाजी आणि उधारी: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली, पण लगेच लिहायला बसले असते तर तडकाफडकी काहीतरी लिहून गेले असते, म्हणून दोन दिवस थांबले. शालेय पोषण आहारात (शापोआ, म्हणजे शाळेत पोरांना मिळणारं जेवण) गावात पिकतं ते वापरा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की अकरा वर्षं मुख्याध्यापक म्हणून शापोआ सांभाळलाय, तांदूळ सरकार फुकट देतं तो सोडून ज्वारी-बाजरी विकत कोण घेणार, घेतली तरी एवढ्या पोरांच्या भाकरी कोण थापणार, आणि उद्या विषबाधा झाली तर लेख लिहिणाऱ्या बाईंना कोणी विचारणार नाही, निलंबन मुख्याध्यापकाचं होणार. शेवटचं वाक्य मनाला लागलं, कारण ते खरं आहे.

आधी भाकरीचं. तिथे माझं चुकलं, सरळ मान्य करते. आठवड्यातून दोनदा भाकरी असं मी लिहून बसले, आणि तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर आमच्या शाळेच्या स्वयंपाकी ताईंना विचारलं. पट ८४. नियमाने शंभर पटापर्यंत दोन स्वयंपाकी-मदतनीस. एका भाकरीला थापून भाजून दोन-तीन मिनिटं धरली तरी एका तव्यावर तीन-चार तास नुसत्या भाकरीच, मग कालवण कधी, भांडी कधी? आणि हे सगळं ज्या मानधनात त्या करतात त्यातला केंद्राचा आकडा २००९ पासून महिना १००० रुपयांवरच आहे, राज्याने वर भर घातलीये तरी त्यात घर चालत नाही. त्यांच्यावर अजून काम लादून पोरांना पौष्टिक खाऊ घाला म्हणणं बरोबर नाही, ते वाक्य लेखातून काढतेय.

पण बाजरी म्हणजे फक्त भाकरी नाही ना सर. आमचा शिरूर-पारनेरकडचा पट्टा बाजरीचा, आमच्याकडे थंडीत बाजरीचा खिचडा घरोघरी होतो, बाजरी ओली करून कांडायची, पाखडायची आणि डाळीबरोबर शिजवायची. कांडायचं काम आता गावातली गिरणी करते, जाडसर भरडून देते. मोठ्या पातेल्यात खिचडीसारखाच शिजतो, हात फक्त थोडा जास्त वेळ फिरवावा लागतो. आणि एक गोष्ट तुम्हालाही माहीत असणार, बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागतं कारण तिच्यात तेलाचा अंश जास्त. २०२३ ला तृणधान्य वर्ष म्हणून भाषणं भरपूर झाली, पण बाजरी लांबच्या गोदामातून पीठ करून पोत्यांनी आणली तर ती पोरांच्या ताटात कडू होऊनच येणार, पोरं थुंकणार आणि मग आपणच म्हणणार पोरांना आवडत नाही. ती गावात घेऊन गावातच दर आठवड्याला भरडली तरच खाण्यासारखी राहते. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह, तांदळात एकसुद्धा नाही, म्हणून माझा जीव तुटतो. तरीही तांदूळ बंद करा असं मी म्हणत नाही. अन्न महामंडळाचा तांदूळ येतोय तो येऊ दे, खिचडा महिन्यातून दोन-तीनदा पुरे, आणि त्यासाठी गावाने सुगीत पायलीभर बाजरी दिली तर विकत घ्यायचाही प्रश्न नाही. देवळाच्या भंडाऱ्याला लोक पोत्याने धान्य देतातच.

खरा मुद्दा भाजीचा आहे आणि त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी द्यायची, सहावी ते आठवीला ७५. म्हणजे आमच्या ८४ पोरांना रोज सव्वाचार किलोच्या आसपास, आठवड्याला पंचवीस किलो. एवढी भाजी गावात पिकत नाही का? पिकते, आणि सकाळी टेम्पोत बसून बाजार समितीत जाते, तिथून व्यापारी, तिथून तालुक्याचं दुकान, आणि तिथून आमच्या शाळेत कोमेजलेला कोबी आणि बटाटे येतात. मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, पहिल्याच मीटिंगला विचारलं की सर आपण गावातनं का घेत नाही, तर आमचे मुख्याध्यापक म्हणाले, ताई, दुकानदार बिलासाठी तीन महिने थांबतो, शेतकरी थांबेल का?

तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही. मे २०२५ ला ठरलेला खर्चाचा दर प्राथमिकला मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, वरच्या वर्गांना १० रुपये १७ पैसे, त्यातनं डाळ तेल मसाले ठेकेदाराकडनं येतात आणि इंधन-भाजीपाल्याचा तेवढा हिस्सा शाळेच्या हातात पडतो, तोही कधी पडेल सांगता येत नाही. चाळीस रुपये किलो धरा, आठवड्याची भाजी हजार रुपयांची. तीन महिने बिल अडकलं तर बारा-तेरा हजार. दुकानदाराला ते पेलवतं. पाच गुंठ्यांत मेथी-गवार करणाऱ्या बाईला त्या हजारातनंच पुढचं बी घ्यायचं असतं, पोराची फी भरायची असते, ती कशी थांबणार. म्हणजे पोरांच्या ताटात काय पडणार ते शेवटी उधारी कोण देऊ शकतं यावर ठरतंय आणि याचा ना पोरांच्या जिभेशी संबंध ना गावात काय पिकतं त्याच्याशी.

सगळ्यात वाईट शेवग्याचं वाटतं. मूग-शेवगा वरणभात हा सरकारी पाककृतींच्या यादीतच आहे, आणि आमच्याकडे बांधाबांधावर शेवगा, शेंगा जून होऊन वाळून खाली पडतात, तरी शाळेत ज्या दिवशी हे वरण असतं त्या दिवशी शेंगा तालुक्याहून विकत येतात. पाला तर कोणी मोजतच नाही, तो वरणात बारीक चिरून टाकला तर ताटातनं निवडून बाजूला काढणाऱ्या पोराच्याही पोटात जातो. तसंच मटकीचं. मटकी पिकवणाऱ्या गावात मटकी ठेकेदाराच्या गाडीतनं येते. (परसबागेचं मी मुद्दाम लिहित नाही. परसबाग हवीच, पण गुंठाभर जागेत कोथिंबीर, पालक, थोडी वांगी होतात आणि मे महिन्यात पाणी घालायला कोणी नसतं, तेवढ्यावर ८४ पोरं जेवत नाहीत.)

तुम्ही म्हणालात असं कुठे चाललंय दाखवा. ब्राझीलमध्ये चाललंय. तिथे २००९ च्या कायद्याने शालेय जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीवर खर्च करणं बंधनकारक केलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना नेहमीच्या टेंडरमधून सूट दिली, भाव आधीच बाजार बघून जाहीर करायचा आणि शेतकऱ्यांनी पुढे यायचं. टेंडर ठेवलं असतं तर तिथेही मोठा ठेकेदारच जिंकला असता. आपल्याकडे कायदा व्हायची वाट बघायला नको, भाजीपाला तर आत्ताही शाळाच घेते.

आता विषबाधा. तुमची भीती मी हलक्यात घेत नाहीये सर, आमच्याही घरातली दोन पोरं तेच जेवण जेवतात. २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यात २३ मुलं गेली ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पण ते झालं कीटकनाशक तेलात गेल्यामुळे, मोनोक्रोटोफॉस होतं ते. मला त्यातनं दिसतं ते असं की माल कुठून आला, कशात ठेवला, हे विचारणारा माणूस हवा. पोत्यातनं आलेल्या भाजीवर फवारा कधी मारला ते दुकानदाराला सांगता येत नाही. गावातल्या बाईला विचारता येतं, आणि तिचं स्वतःचं पोर त्याच पंगतीत असेल तर ती खरं सांगते. तरीही जबाबदारी एकट्या मुख्याध्यापकाच्या गळ्यात नको हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. चव रजिस्टरवर (वाढण्याआधी जेवण चाखून सही करायची वही) शिक्षकाच्या सहीसोबत रोज एका पालकाची सही असावी, आणि भाजी कोणाकडनं किती घेतली ते त्याच पानावर लिहावं, असं मी पुढच्या मीटिंगला मांडणार आहे.

आणि उधारीसाठी एक सुचतंय, त्यावर तुमचं मत हवंय. गावातल्या दोन बचत गटांशी बोलले, त्यांच्याकडे शिल्लक असते. गटाने बाईला दर शनिवारी रोख द्यायचे आणि शाळेचं बिल आलं की गटाने वसूल करायचं. तीन महिन्यांचे बारा-तेरा हजार गट थांबू शकतो, पण सहा महिने लागले तर नाही म्हणाल्या. तुमच्या अकरा वर्षांत भाजीपाल्याचं बिल जास्तीत जास्त किती महिने अडकलं होतं, आणि तेवढ्यात तुम्ही कसं भागवलंत, तेवढं लिहाल का? त्या आकड्यावर मला पुढचं ठरवायचंय.