लिटर ट्रे फेकायच्या आधी: मांजराला बाहेर ‘पाठवण्या’च्या सल्ल्याचा समाचार

‘लिटर ट्रे फेका, मांजराला पंधरा दिवसांत बाहेर शी-शू करायला शिकवा’ असा संदेश सध्या गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जोरात फिरतोय. लिटर म्हणजे ओल शोषणारे दाणे, आणि लिटर ट्रे म्हणजे ते भरून मांजराच्या शी-शूसाठी घरात ठेवलेलं तबक. संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रे म्हणजे घरात रोगाचं ठाणं, कुणी गरोदर असेल तर तो आजच काढा. ट्रेमध्ये अंगणातली माती मिसळत तो रोज थोडा दाराकडे सरकवा. मांजर आपली घाण आपणच पुरतं, तेव्हा बाहेर कुणाला उपद्रव नाही. लिटरचे पैसे वाचतात. आणि शेवटी हुकमी एक्का, आजीच्या काळात कुणाकडे ट्रे होते?

पद्धत खोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मांजराला पायाखाली काय लागतं याची सवय असते. लिटरमध्ये माती वाढवत नेली आणि ट्रे हळूहळू सरकवला तर बरीच मांजरं जुळवून घेतात. पण पंधरा दिवसांचा वायदा कुणी करू नये आणि मांजर नेमकं काय शिकतं तेही पाहावं. ते शिकतं की भुसभुशीत माती दिसली की बसायचं. ती तुमच्या अंगणातली असेल, तुळशीवृंदावनातली असेल किंवा शेजारच्या काकूंनी काल तांबड्या भाजीचं बी पेरलेल्या वाफ्यातली असेल. शिवाय आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दारात उभं राहून, पागोळ्यांकडे बघून परत फिरलेलं मांजर जातं कुठे? पायपुसण्यावर, चपलांच्या स्टँडमागे, न्हाणीघराच्या कोपऱ्यात. ट्रे तोवर फेकून झालेला असतो.

आता गरोदरपणाचा मुद्दा. सगळ्यात जास्त घाबरवतो तो हाच आणि संदेशाने उलटा मांडलाय तोही हाच. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी गरोदरपणी पहिल्यांदा अंगात गेला तर बाळाला इजा होऊ शकते, हे खरं. त्याचे ‘ऊसिस्ट’ नावाचे सूक्ष्म कोश मांजराच्या शीतून पडतात, हेही खरं. पण पुढचं संदेशात नाही. मांजर हे कोश बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे टाकतं. ताज्या शीमधला कोश लगेच बाधत नाही, तो तयार व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणजे रोजच्या रोज साफ होणारा ट्रे कोशाला वेळच देत नाही. तीच शी अंगणात पडली की कोश आरामात तयार होतो आणि ओल्या, सावलीतल्या मातीत वर्षभरसुद्धा टिकतो. गोव्यात ओल आणि सावली शोधायला लांब जावं लागत नाही.

आणि मांजराला हा परजीवी मिळतो कुठून? उंदीर, पाखरं, कच्चं मांस यांतून. घरात कोरडं खाणं किंवा शिजवलेलं मांस-मासळी खाणाऱ्या मांजराला तो मिळण्याची शक्यता फार थोडी. बाहेर सोडलं की ते पहिल्याच आठवड्यात उंदरामागे लागणार. रोग टाळायला मांजर बाहेर काढायचं, तिथे त्याला रोग लावून घ्यायचा आणि रात्री ते पुन्हा पलंगावर! घरात गरोदर बाई असेल तर ट्रे दुसऱ्याने रोज साफ करावा. दुसरं कुणीच नसेल तर तिने हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. परसातल्या मातीत हात घालतानाही हेच. कच्चं तवशें (काकडी), मुळा, कोथिंबीर नीट धुऊन घ्यावी आणि मांस पूर्ण शिजवावं. ट्रेपेक्षा याच गोष्टींकडे आपलं दुर्लक्ष होतं.

‘पुरतं, म्हणजे संपलं’ हेही तसंच. एक तर प्रत्येक मांजर पुरतंच असं नाही, हद्दीवर बोके मुद्दाम उघडं ठेवतात. दुसरं, पुरलेलं तिथेच राहत नाही. आपल्याकडचा पाऊस अंगण धुऊन ओहोळात नेतो, आणि कित्येक घरांत विहीर अजून वापरात आहे. तमिळनाडूत कोईमतूरला 2004-05 च्या सुमारास टॉक्सोप्लाझ्मामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज येण्याची साथ आली होती. रुग्ण अडीचशेच्या घरात होते आणि संशय सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर होता. त्यातच कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातले अंकुशकृमी. त्यांची अंडी ऊबदार ओल्या रेतीत फुटतात आणि अळ्या थेट कातडीतून शिरतात. किनाऱ्यावर अनवाणी हिंडलेल्या माणसाच्या तळपायावर कधी कधी नागमोडी, लालसर, रात्री जीव नकोसा करणारी खाजरी रेघ उठते आणि रोज थोडी पुढे सरकते. ती याच अळीची वाट. पोरं खेळतात त्या रेतीच्या ढिगातही हेच होऊ शकतं.

ज्याबद्दल संदेशात अक्षर नाही ती गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. ट्रे हा मांजराच्या तब्येतीचा रोजचा कागद आहे. आमच्या बोक्याच्या ट्रेत लघवीने भिजलेल्या लिटरचे रोज अंड्याएवढे गोळे निघायचे. एका सकाळी चण्याएवढे ठिपके दिसले आणि तो परत परत जाऊन बसत होता, शेपूट ताठ, हाती काही नाही. लगेच पशुवैद्याकडे नेला म्हणून निभावलं. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. ती पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. हाच बोका कुंपणापलीकडे जात असता तर मला काय कळलं असतं? शीमधलं रक्त, जंत, जुलाब यांचंही तेच. रात्री दार बंद, म्हणून सकाळपर्यंत लघवी धरून ठेवायची सवयही त्याला चांगली नाही.

खर्च वाचतो, कबूल. पण स्वस्त वाट घरातच आहे. सुताराकडचा स्वच्छ लाकडी भुसा चालतो, काही मांजरं फाडलेल्या वर्तमानपत्रावरही खूश असतात. (गोव्यात रेतीचा सल्ला मी देणार नाही, तिच्या उपशाच्या वादात मांजराला कशाला ओढायचं?) वास येत असेल तर ट्रे लहान आहे, झाकलेला आहे किंवा वेळेवर साफ होत नाही. एक मांजर असेल तर दोन ट्रे, हा हिशेब बहुतेक घरी पाळला जात नाही आणि दोष मांजरावर जातो. लिटर संडासात मात्र ओतू नका. ते फुगतं, पाइप तुंबतो, आणि शोषखड्डा विहिरीजवळ असला तर नवीच पंचाईत.

राहिली आजी. आजीच्या घरामागे भाट (माडांची बाग) होतं, गोठा होता, मांजराचं काम भाताच्या कणगीजवळचे उंदीर मारणं होतं, आणि वर्षात किती पिल्लं गेली ते कुणी मोजत नव्हतं. आज पर्वरीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मांजराला ‘बाहेर’ म्हणजे पार्किंग, त्यापुढे भटके कुत्रे आणि त्यापुढे राष्ट्रीय महामार्ग 66. जंगलालगतच्या सत्तरी तालुक्यात घर असेल तर बिबट्याचाही विचार करा. उन्हात बसू द्यायचंच असेल तर बाल्कांवाला (घरापुढच्या बसायच्या ओसरीला) किंवा गॅलरीला जाळी मारा आणि ट्रे तिथेच ठेवा.

ज्यांचं मांजर आधीपासून बाहेर जातं, त्यांनी त्याला उगाच कोंडू नये. पण आत एक ट्रे असू द्या, निदान पावसाळ्यापुरता. नसबंदी, लसी आणि जंताचं औषध वेळेवर करा, आणि भाजीच्या वाफ्यांवर जाळी टाका. शेजारणीच्या वाफ्यावरसुद्धा, खर्च तुमचा.