यंत्र होडीला असतं, तांडेलाला नाही

नमस्कार,

कथेचे दोन्ही भाग नीट वाचून तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. इतर वाचकांसाठी थोडक्यात: माझी कथा 2061 सालातली, देवगड आणि मालवणच्या मधल्या एका काल्पनिक बंदरावरची. प्रत्येक होडीला ट्रान्सपॉन्डर (होडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र), जेटीवर चेहरे ओळखणारे कॅमेरे, डोक्यावर ड्रोन. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाचा खून होतो आणि संशयित तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याची, होडी रात्रभर बारा सागरी मैलांवर होती असं नोंद सांगते. तुमचे आक्षेप दोन. एक, जिथे सगळंच टिपलं जातं तिथे रहस्यकथा संभवतच नाही. ती ओढूनताणून उभी करण्यासाठी मी तपास अधिकारी बाईंना मासळी विकणाऱ्या म्हातारीपुढे उकिडवं बसवलं. दोन, 'पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते' त्या कोकणात हे सगळं म्हणजे मुंबईच्या कथेला लावलेली माडाची झावळी.

दुसरं आधी घेतो, ते लवकर आटपेल. लाईट जाते, कबूल. पण मासेमारी होड्यांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायच्या केंद्राच्या योजनेचा प्रारंभ 30 ऑगस्ट 2024 ला झाला तो पालघरला. बेकायदा मासेमारीवर नजर ठेवायला आपल्या किनाऱ्यावर जानेवारी 2025 पासून ड्रोन उडताहेत. माझा त्याला विरोध नाही. वादळात अडकलेल्या खलाशाला ट्रान्सपॉन्डरवरून मदत मागता येते, ही लहान गोष्ट नव्हे. पण पाळत हा शहराचाच विषय, कोकणात फक्त आंबे नि आठवणी, असं म्हणणाऱ्याने एकदा जेटीवर येऊन उभं राहावं. आणि यंत्रं यायच्या आधी इथे काय मोकळं रान होतं? एसटीतून उतरलेल्या अनोळखी पोराला पहिल्या पाणंदीतच 'खंयचो रे तू? कोणाचो?' हे विचारलं जातंच.

आता मुख्य मुद्दा. सगळं दिसलं की गुन्हा लपत नाही, हे तुम्ही गृहीत धरलंत. एलईडीची मासेमारी घ्या, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे ओढून धरायचे. बंदी आहे. तरी काळोख्या रात्री किनाऱ्यावरून पाहिलं तर समुद्रात उजेडाची रांग लागलेली असते. शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवून सांगेल की ते दिवे कसले. लपवाछपवी काही नाही, पारंपरिक मच्छीमार ओरडून थकले, आणि दिवे आहेत तिथे आहेत. दिसणं आणि पकडलं जाणं यांच्या मधे जे काही घडतं, तीच माझ्या मते रहस्यकथेची जागा.

याहून काळं उदाहरण 1993 चं. जानेवारीत रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला शस्त्रं उतरली. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या आणि पैसे घेऊन सोडल्या. फेब्रुवारीत त्याच किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं. पुढे 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. पोलीस आणि कस्टममधल्या लोकांना न्यायालयाने दोषी ठरवलं. तिथे पाहणारं कोणी नव्हतं असं नाही. पाहणारा विकला गेला होता. 2061 मध्ये फाट्यावर हवालदाराऐवजी कॅमेरा असेल, पण कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची असणार आणि खुर्चीत माणूस. चोरट्या पाकीटमाराची कथा मरेल, हे तुमचं म्हणणं मान्य. खुर्चीतल्या माणसाची कथा मात्र आत्ता कुठे सुरू होते.

म्हणूनच माझ्या बंदरावर एकाच ठिकाणी कॅमेरा नाही: बर्फाच्या कारखान्यात. मालकाला नको होता, आणि त्याचं वरपर्यंत चालत होतं. तांडेलाने कुठे जाळं टाकलं ते सरकारला कळतं. व्यापाऱ्याने बर्फात काय पुरून ठेवलंय ते कळत नाही. खून तिथेच झाला, हा योगायोग म्हणून लिहिलेला नाही.

आणि ती म्हातारी. तुम्हाला ती गावरान सजावट वाटली. दुसऱ्या भागातला लिलाव पुन्हा वाचा. संशयित होडीची पाटी वाळूवर ओतली जाते, ती एक बांगडा उचलते, कल्ला उघडते. आत लालभडक हवं तिथे तपकिरी. डोळा खोल गेलेला. पोटावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहतो. 'ह्यो बांगडो आजचो नाय,' एवढंच म्हणून ती पुढच्या पाटीकडे वळते. म्हणजे रात्रभर समुद्रात असलेल्या होडीने रात्री मासे धरलेच नाहीत. मग ती कुठे होती? की फक्त तिचं यंत्र तिथे होतं, दुसऱ्याच कोणाच्या होडीवर? हा पुरावा कुठल्याही नोंदीत नाही, कारण नोंद ठेवणाऱ्याला तो प्रश्नच पडलेला नव्हता. 2061 पर्यंत मासळीचा ताजेपणा मोजणारं यंत्र निघेल असं तुम्ही म्हणाल. निघेल की! पण ते लिलावात बसवणार कोण? शिळी मासळी खपवणारा व्यापारी?

'नोंद खोटी कशी ठरवता येईल, ती बदलता येत नाही,' असंही तुम्ही लिहिलंत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 पाहा. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य येतं, म्हणजे फाइलवरून काढलेली अंका-अक्षरांची खूण. फाइल नंतर बदलली नाही एवढं त्यावरून कळतं. मुळात यंत्र कुठल्या होडीवर होतं, हे हॅश काय सांगणार, कपाळ? त्या प्रमाणपत्रावर सही लागते ती यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याची आणि तज्ज्ञाची. दोन जिवंत माणसं, त्यांची घरं, त्यांची कर्जं. मी कथा 2061 ची केली तरी ही सहीची अट मुद्दाम तशीच ठेवली.

पहिल्या भागात ते प्रमाणपत्र एकदा येऊन गेलंय, तुमच्या नजरेतून सुटलं असावं. तिसरा भाग गणपतीनंतर टाकतो. तोवर सही कोणाची याचा तर्क लागला तर मला मेलवर कळवा, इथे नाव फोडू नका. बाकीच्यांना वाचायचंय.