अटिला पोपकडे बघतच नाहीये

इटालियन चित्रकार राफाएलच्या ‘लिओ आणि अटिला यांची भेट’ या भित्तिचित्रावरचा तुमचा लेख आवडला. इटलीवर चालून आलेला हूणांचा राजा अटिला पोप पहिले लिओ यांना भेटून माघारी फिरला, तो हा प्रसंग. पण ‘पोप एकटेच हूणांना सामोरे गेले’ हे वाक्य खटकलं. इ.स. ४५२ च्या त्या भेटीत लिओंबरोबर अविएनस आणि ट्रायगेशियस हे दोन रोमन अधिकारीही होते. शिवाय हूणांच्या छावणीत उपासमार आणि रोगराई पसरली होती, हेही त्यांच्या माघारीचं मोठं कारण. भेट झाली उत्तर इटलीत, मिंचो नदीकाठी. मागे कलोसियम दाखवून राफाएलने ती थेट रोमच्या वेशीवर आणली.

दोन वर्षांपूर्वी व्हॅटिकनला हे चित्र पाहिलं. सगळी गर्दी सिस्टाइन चॅपलकडे पळत होती, मी मात्र तिथेच खिळून राहिले. पोप शांतपणे हात उंचावून बसलेत आणि अटिलाची नजर त्यांच्याकडे नाहीच! तो बघतोय वर, तलवारी उपसून आलेल्या संत पीटर आणि पॉल यांच्याकडे. त्याच्या अंगातली ती दचक बघून माझ्याच अंगावर काटा आला.

आणखी एक राहिलं. चित्रातल्या पोपचा चेहरा राफाएलच्या काळातले पोप दहावे लिओ यांचा आहे आणि मागच्या कार्डिनलचाही (पोपखालोखालचा धर्माधिकारी) तोच! आधीचे पोप ज्युलियस दुसरे १५१३ मध्ये वारले आणि तोवर कार्डिनल असलेले लिओ पोप झाले, म्हणून चित्रातला पोप बदलला. लेखात हे यायलाच हवं होतं.